पिशवीचा वास

३ मार्च

सर्दी गेली, पण वास काही परत आला नाही. आज दूध करपून भांडं काळं झालं आणि मी ओट्यापाशीच उभी! धाकटी जाऊ धावत आली, "ताई, नाक काय गहाण ठेवलंय?" हसून वेळ मारून नेली. पण उद्या रोपवाटिकेचं कोल्ड स्टोरेज उघडणार.

४ मार्च

हिवाळाभर थंडीत झोपवलेली रोपं आज बाहेर निघाली. साठ हजार, शंभर-शंभरच्या पिशव्यांत. सगळी वणव्यात जळालेल्या टेकडीवर जायची आहेत, खड्डे खणून तयार आहेत. पिशवी उघडली की आधी वास घ्यायचा. ओल्या मातीचा आला तर ठीक. आंबूस आला तर आत मुळं कुजलीत, वरून कितीही हिरवी दिसोत! मग नखाने साल खरवडून बघायची, मुळांची टोकं बघायची. ते सगळं चोख केलं. पण ते दोन-चार रोपांचं. पिशवीच्या तळाशी काय चाललंय ते नाकालाच कळतं.

आज नाक खुपसलं — काही नाही. कोरा पुठ्ठा हुंगावा तसं. तरी मान डोलावली. पास!

सांगायला हवं होतं. पण मामा, आमचे मुख्य तपासनीस, जूनमध्ये निवृत्त होताहेत आणि त्यांची जागा मला मिळणार ती या नाकाच्या जोरावर. "हिच्यासारखं नाक नाही कुणाला," असं चारचौघांत सांगतात. शिवाय माझ्यामागून प्रत्येक पिशवी ते स्वतः हुंगतात. तीस वर्षांचा अनुभव. ते आहेत तोवर मला घोर नाही.

५ मार्च

पहिली गाडी गेली. तिच्यातली बारा रोपं नमुन्याला काढून कुंड्यांत लावली, उबदार खोलीत ठेवली. चौदा दिवसांत पांढरी मुळं फुटली तर रोप जिवंत. गाड्या मात्र चौदा दिवस थांबत नाहीत.

११ मार्च

कांदा, रॉकेल, फिनेल, नवऱ्याचे मोजे. काहीच नाही!

१९ मार्च

कुंड्यांतली रोपं उपटली. बारापैकी आठ रोपांना एकही नवं मूळ नाही. शेंडे हिरवेगार आणि खाली नुसता काळा गाळ. आधी पाण्याला दोष दिला, मग खोलीच्या उबेला. मग मामांचाच राग आला — माझं जाऊ दे, यांनी कशा सोडल्या या पिशव्या? रागावून झालं आणि लाज वाटली. चूक माझी आहे. उद्या सांगून टाकणार, जागा गेली तर गेली.

२० मार्च

सगळं सांगितलं. मामा खोक्यावर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अगं, मलाच सहा वर्षं झाली वास येत नाही. मी नुसतं डोकं घालतो पिशवीत — आणि तुझं तोंड बघतो."

सात गाड्या गेल्यात.