तांबडोबाच्या पोटातली गोटी

मुलुंड, शनिवार, ता. ७ ऑगस्ट १९७१

चि. धोंडू यास ताईचे आशीर्वाद. दम्याचं औषध घेत नसशील, तर शिव्याही.

इथे सगळे बरे आहेत, माझे गुडघे सोडून.

काल देव घासताना सूनबाईच्या हातून आईचा तांबडोबा फरशीवर पडला. शेंदराचं कवच फुटलं आणि आतून काय निघावं? सोड्याच्या बाटलीतली हिरवी गोटी! पन्नास वर्षं आपण तिला नमस्कार केले. सूनबाई हसत म्हणाली, "आई, आता काढूया ना देवातून?" मी म्हटलं, "थांब गं, आधी धोंडूला विचारते."

गोटी तुझीच. टवक्यावरून ओळखली, तो मीच पाडला होता. खरं सांग, पळताना देवात ती तू लपवलीस की मागून आईने ठेवली? तू दहाव्या वर्षी शिमग्यात घरातून पळालास, त्यानंतरच तांबडोबा देव्हाऱ्यात आला. आई दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर लावी. कुठला देव विचारलं, तर "आपला आहे" एवढंच म्हणे. दोन वर्षांनी तू परत आलास, तरी तिने तो उठवला नाही. हुंगलेलं फूल देवाला न वाहणारी बाई, तिला काच कळली नसेल?

गाय व्याली का? वहिनीचा हात बरा झाला?

उत्तर लवकर टाक. गोटी तूर्त देव्हाऱ्यातच आहे. आज शनिवार, म्हणून शेंदूर लावला. पण आईने ठेवली असेल, तर इतकी वर्षं मी तुझ्याच पाया पडत होते रे, मेल्या.

तुझी थोरली,
भागीरथी