दुसऱ्याने तपासायचं

५ जानेवारी, रविवार
आज हेडमास्तरांनी तिला आणलं. गुलनार. मोटार रिवाइंडिंगवाल्या हबीबभाईंची मुलगी, डिप्लोमा झालेली. "सर, तुम्हाला मदत होईल." मी मदत मागितली नव्हती. मराठीचा मास्तर मी; पण दोन वर्षं दर रविवारी हा तळहाताएवढा कॉम्प्युटर मीच शिकवतो आहे. पुस्तकातून शिकून.

१२ जानेवारी
वीज म्हणजे काय, ते मी तासभर सांगितलं. तिने पाच मिनिटांत दिवा जोडायला दिला. दोन एलईडी जळाले. "जळू दे. आता विसरशील का तू?" मुलं हसली. माझ्या तासाला हसत नाहीत.

तिचा एक नियम आहे, बापाच्या दुकानातला — ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने प्रत्येक वायरवरून बोट फिरवायचं, मग म्हणायचं, लाव. तोवर बटणाला हात नाही.

नियम चांगला आहे. मला सुचला नाही.

१६ जानेवारी
नववीतली उर्वशी व्हरांड्यात मैत्रिणीला सांगत होती, "सर पुस्तकातलं सांगते. दीदीले येते."

१९ जानेवारी
शाळेची पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा करतो आहोत. गुलनारने तपासायला मला बोलावलं. एक सैल वायर मी काढून दाखवली. "पाहा, सरांची नजर," ती मुलांना म्हणाली.

दुपारपर्यंत बरं वाटलं. मग वाटलं, मला शाबासकी देणारी ही कोण?

२१ जानेवारी
बाजारात उर्वशीची आई, लालीबाई. गुलनारबद्दलच बोलत राहिल्या. वांगी न घेताच परतलो.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर सगळ्यांपुढे भोंगा. वर्ग पुढे चालवायचा की नाही, ते आजच ठरणार होतं. जोडणी गुलनारची, तपासणी माझी.

बोट फिरवलं. लाल वायर शेजारच्या पिनवर होती — पाच व्होल्टच्या. जिथे ती जाते तिथे त्या छोट्या कॉम्प्युटरच्या बोर्डाला तीनच व्होल्ट सोसतात. हे मीच शिकवलेलं.

मनात आलं, एवढी हुशार ना?

"लाव," मी म्हणालो.

गुलनार काही बोलणार, तेवढ्यात उर्वशीने बटण दाबलं. जळका वास आला. भोंगा गप्प. शाळेकडे एवढा एकच बोर्ड होता.

"कोणी जोडलं?" हेडमास्तर.

"मी," ती म्हणाली.

कोणी तपासलं, ते कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी
वर्ग बंद. सवयीने जाऊन खोली उघडली, बसलो, कुलूप लावून आलो.

५ फेब्रुवारी
वर्गात राहिलेलं तिचं व्होल्ट मोजायचं मीटर परत द्यायला दुकानात गेलो. ती नव्हती. हबीबभाई मोटारीत तार भरत होते.

"सर, ते वायर पोरीनं मुद्दाम चुकीची लावली होती. म्हणे, सर सगळ्याईसमोर पकडतीन, पोरायले समजन त्याईची नजर. तुमाले दिसलीच नाही, याचंच तिले वाईट वाटून राह्यलं."

मग गल्ल्यातून एक चिठ्ठी काढून दिली. वणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर, तिने माझ्यासाठी लिहून ठेवलेला.

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे. अक्षर फार बारीक आहे. चष्म्याशिवाय वाचता येतं.