मनोरमाबाईंना जातीने हजर करणेबाबत

भोपाळ, १९ जून १९५७

चि. अच्युत यास अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. (कोणता, तेही. मागच्या पत्रात तू बाजू लिहिली नव्हतीस.) तुझ्या ताईला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. मी वेळेवर जेवतो.

सरकारी कारकुनाला विम्याची एजन्सी घेता येत नाही, म्हणून १९४३ साली नागपुरास मी ती ताईच्या नावावर घेतली, हे तू जाणतोसच. सही तिची, डोके माझे. (मॅट्रिकनंतरचे सारे गणित मी पुस्तकांवरून एकट्याने शिकलो, हप्त्यांचे कोष्टक अजून तोंडपाठ आहे.) दोनशे बारा कुटुंबांना मी सल्ला दिला. पुढे विमा कंपन्या सरकारजमा झाल्या, राजधानी भोपाळला आली, आणि तिच्यामागून फायली, पेट्या व आम्ही.

आता फर्मान निघाले की जुन्या एजंटांनी महिनाअखेरपर्यंत जातीने हजर राहून नोंदणी पडताळून घ्यावी, नपेक्षा नाव कमी होईल. परवा सोमवारी माझ्या कारकिर्दीची सहा पानी हकीकत घेऊन मी विमा कचेरीत गेलो. बाबूने रजिस्टर उघडले.

"मनोरमाबाई आप हैं?"

"काम सारा मैंने किया है."

"नाम तो इनका है. इन्हीं को ले आइए."

"उनकी तबियत ठीक नहीं," मी म्हणालो. तोंडून तेवढेच निघाले.

माणूस भला. म्हणाला, "तो ताँगे में ले आइए, बाबूजी. आराम से."

ते नाव गेले तर चौदा वर्षे मी काय केले याचा जगात एकही कागद उरत नाही.

तुझा,
नरहर

ता. क. शशिकलेला दोन दिवसांसाठी पाठवशील का? धाकटी बहीण असल्याने चण ताईचीच आहे, आणि बाबूने ताईला पाहिलेले नाही. तिने फक्त सही करावी. बोलणे मी करीन.

दुसरा ता. क. (गुरुवार) शशिकलेला पाठवू नकोस. आपल्या नागपूरच्या विमेदारांपैकी रत्नप्रभाबाई इथेच बदलून आल्या आहेत. मी सल्ला दिला होता, अशा दोन ओळी त्यांच्याकडे मागायला गेलो. त्या हसल्या. "भावोजी, तुमचं कोष्टक सुरू झालं की आमचे हे पेंगायला लागत. मनोरमाताई मागच्या दारी येऊन बसायच्या, माझं सगळं ऐकून घ्यायच्या. म्हणून घेतला विमा."

आणखी चार घरी विचारले. मग कचेरीत जाऊन नाव कमी करण्याचे खरे कारण सांगितले. बाबू उठून उभा राहिला. मग बसून ताईच्या नावापुढे 'सेवा: चौदह वर्ष' असे लिहू लागला. चौदा वर्षे दोन महिने, अशी मी दुरुस्ती करून घेतली.