जोगने ठकीला जेवू घातलं

१२ सप्टें. ५९, शनि.
मारली! ठकीने आज पहिली चिमणी मारली, गोठ्यामागे ओटच्या ढिगावर. एवढासा ससाणा, पण अशी झेपावली की मीच दोन पावलं मागे सरलो. मांसाचा तुकडा दाखवला तशी चिमणी सोडून हातमोज्यावर चढली. जर्मन घरमालक केलर कुंपणाला टेकून बघत होता. म्हातारा कौतुकाचा शब्द काढेल तर शपथ! "हे बघ, अजून तुझी झाली नाही ती. वजन चुकलं की गेली." जूनमध्ये कोठाराच्या आढ्यातून पिल्लू काढून यानेच दिलं, मान्य. पण तीन महिने पहाटे उठून शिकवली मी.
वजन १९० ग्रॅ. याच्यावर गेली की भूक नाही. भूक नाही की हाक ऐकत नाही.
अंड्याला न शिवणाऱ्या घरातला मी. काल इन्स्टिट्यूटमध्ये रुमाल काढायला गेलो तर खिशातून उंदराची तंगडी निघाली. प्रोफेसरांसमोर.

१६ सप्टें., बुध.
जोगने डोकं उठवलं. खोली एक, माणसं दोन, बसायच्या दांडीवर ठकी, आणि याला तिची दया येते.
"अरे, उपाशी आहे ती. रडते रे."
रडते! ओरडते ती, जन्मल्यापासून ओरडते. दहाव्यांदा समजावलं, की पोटभर खाल्लेला ससाणा हातावर परत येत नाही. "गेनाऊ, गेनाऊ." झिंडेलफिंगेनला मोटार कारखान्यात लागल्यापासून हा एवढाच जर्मन शब्द शिकलाय, म्हणजे 'बरोबर'. वर ऐकवलं, त्याच्या आईने घरात कुणाला उपाशी ठेवून ताट वाढलं नाही. मग आण आईला ससाणा शिकवायला, म्हटलं.
आईवरून बोलायला नको होतं. पण हा तरी किती आगाऊ!

२३ सप्टें., बुध.
गेली.
इन्स्टि.तून यायला उशीर. उजेड चाललेला, घाईत तशीच उचलून नेली. सोडली. समोर चिमण्यांचा अख्खा थवा, आणि बाईसाहेब कोठाराच्या छपरावर पिसं साफ करत बसल्या. मांस दाखवलं, शिट्ट्या मारल्या, घसा सुकला. ढुंकून बघेना. मग उठली आणि नदीकडच्या झाडांवरून दिसेनाशी झाली.
पायात चामडी पट्टे तसेच. केलर म्हणाला, रानात पट्टा फांदीत अडकतो आणि पक्षी उलटा लटकून मरतो. आज ना उद्या, पण मरतोच.
मग विचारलं, "सोडण्याआधी वजन केलंस?"
"जा," म्हणालो.

२४ सप्टें., गुरु.
सकाळी चहाला जोगने स्वतःहून सांगितलं. कारखान्यात त्याची कायम दुपारची पाळी, एकची बस, तोवर घरी. काल त्याच्या वडिलांचं श्राद्ध. तिथी आईने पत्रात कळवलेली. याने भात केला, मसुराचे वडे केले, खिडकीत पान ठेवलं. तासभर कावळा फिरकला नाही. इथले कावळे शेतात, त्यांना कोण सांगणार? बस चुकायची वेळ झाली. मग पान ठकीपुढे ठेवलं! "तिलाही पंख आहेत ना," म्हणे. भाताला ती शिवेना, तर तळघरातून मी तिच्यासाठी ठेवलेले दोन मेलेले उंदीर आणून भातावर ठेवले. दोन्ही खाल्ले.
बापाच्या श्राद्धाला उंदीर! हसू, रडू, की एक मुस्काटात ठेवून देऊ!
"वडील जेवले असं वाटलं रे," म्हणाला, आणि डोळे पुसले.
तरी बोललो. काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. घरी जाऊन आईला सांग म्हटलं, बाप जेवला, ठकी मेली.
काट्यावर ठेवली असती तर कळलं असतं. एक मिनिटाचं काम. नाही ठेवली.

२५ सप्टें., शुक्र.
जोग केलरकडे जाऊन माफी मागून आला. मोडक्या जर्मनमध्ये. म्हणाला, सगळी चूक माझी. मी शेजारी उभा होतो. केलरने माझ्याकडे बघितलं, मी बुटांकडे. आज जोगचा राग येत नाही, स्वतःचा येतोय, आणि तो काढायला कुणी सापडत नाही. संध्याकाळी नदीकाठची झाडं बघितली. एकेक.

२७ सप्टें., रवि.
जिवंत आहे!! बाराच्या सुमाराला, जोगने पान ठेवलं होतं त्या खिडकीत येऊन बसली. पट्टे लोंबताहेत, एकाचं टोक फाटलंय. भूक लागली तर जिथे पोटभर मिळालं तिथे आली, माझ्या शिट्टीला नाही. जोगने उघड्या हातावर मांस धरलं, खाल्लं तिने. मी हातमोजा पुढे केला आणि उडाली.
केलर वर येऊन सगळं बघत होता. तेव्हा सांगून टाकलं, की वजन केलं नव्हतं.
"ते मला बुधवारीच कळलं होतं," म्हणाला. "आता हा धरेल तर धरेल. तू लांब राहा."
तीन महिने मी शिकवली, आणि मीच लांब राहायचं!

२९ सप्टें., मंगळ.
काल आली, आज आली. जोगच्या बोटांना चोच घासते म्हणे. मला सांगतो कशाला?
म्हटलं, उद्या पट्टा पकड. तर म्हणतो, "पकडतो. पण पट्टे कापून सोडून देणार. तुला परत देणार नाही."
ओरडलो. पक्षी कुणाचा? कष्ट कुणाचे? तो म्हणतो, "मग तू धर ना."
माझ्याकडे येत नाही हे माहीत असून बोलला.

१ ऑक्टो., गुरु.
सकाळी कात्री काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, काप बाबा. कुठेही राहू दे, पण लटकून मरायला नको.
जोगने कात्री उचलली नाही.
"काल ती आलीच नाही," म्हणाला.
इन्स्टि.ला गेलो नाही. पावणेबारा झालेत. खिडकी उघडी आहे, मांस ठेवलंय, जोग आत आहे. मी दाराबाहेर जिन्यात बसून लिहितोय, तिला दिसू नये म्हणून.