बाबांची टर्पेंटाइनची बाटली

ठमे,

तुझी टिकली सरबत समजून बाबांच्या बाटलीतलं टर्पेंटाइन घोटभर प्यायली. तिला मोठ्या दवाखान्यात नेतेय, तू तडक तिकडेच ये. खोकतेय, पण बोलतेय.

तिच्याएवढी असताना तूही हेच केलं होतंस. मी मिठाचं पाणी पाजून तुला ओकवलं, तर डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. तुला उचलून बाबा धावले होते, फ्रॉकवर त्यांची निळी बोटं उमटली होती. आज ओकवलं नाही, काही पाजलंही नाही.

ते गेल्यावर पाट्या रंगवायचं सगळं सामान वाटून टाकलं, एवढी बाटली ठेवली. अधूनमधून मी बूच काढून वास घ्यायचे गं. आज बूच माझ्याकडूनच सैल राहिलं.

डॉक्टरांना दाखवायला बाटली बरोबर घेतलीय. परत आणणार नाही.

आई