दुमडलेले कोपरे

३ फेब्रुवारी, सोमवार
केंद्र चालवणाऱ्या ताईंनी आज चौथ्यांदा विचारलं, "ठरलं का?" नाही ठरलं! व्हीलचेअर, वॉकर, पलंग – केंद्रातून आजाऱ्यांच्या घरी वापरायला जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. बाराशे कार्डं, चार खोकी. कुठलं कुठं, ते फक्त ताईंना ठाऊक. सगळं महिनाअखेर संगणकात हवं, म्हणतात. कोड न लिहिता डेटाबेस बनवायची साधनं असतात म्हणे, त्यातलं एक मी निवडायचं. मी तीस वर्षं वर्तमानपत्राची पानं वेळेत छापायला सोडली, म्हणून ही धोंड माझ्या गळ्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार
पहिलं साधन देखणं. फुकटात हजारच नोंदी. उरलेल्या दोनशे आजाऱ्यांनी कुठं जायचं?

६ फेब्रुवारी, गुरुवार
दुसरं इंटरनेटशिवाय उघडत नाही. आमचं तळघर, रेंज जिन्याच्या सातव्या पायरीवर. तिसरं 'अगदी थोडं' कोड मागतं. त्या थोड्यानं अख्खी सकाळ खाल्ली. चाकं दुरुस्त करणारे मामा हात पुसत म्हणाले, "बाई, साधन निवडताय की जावई?"
जावई परवडला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
चौथं घेतलं. नाइलाज. परतीची तारीख उलटली की घरी आपोआप मेसेज जातो – 'पेशंट कसे आहेत? वस्तू केव्हा परत कराल?' ताई म्हणाल्या, "म्हणजे मला सुट्टी!" चारशे कार्डं चढवून झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सत्यानाश. सकाळपासून फोन. एक बाई ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "हे जाऊन पाच महिने झाले. ताईंना माहीत आहे," एवढंच.
ताईंनी त्या बाईंचं कार्ड शोधून माझ्यापुढे धरलं. वरच्या कोपऱ्यावर घडीची पुसट रेघ. पेशंट गेला की त्या कोपरा दुमडतात. मग त्या घरी फोन करायचा नाही. वस्तू येईल तेव्हा येईल.
आणि मी? कार्डं चढवताना कोपरे सरळ करत होते! अंगठ्यानं दाबून, एकेक. शिवाय चढवलेली कार्डं खोक्यांखाली दाबून ठेवली.
"सांगायचं नाही का?"
"तू विचारायचं नाही का?"

१९ फेब्रुवारी, बुधवार
मेसेज बंद केले. 'गेले' असा रकाना केला, खुणेला चौकट. "हे काय, मतदान आहे?" – ताई. कित्येक घड्या आता दिसतही नाहीत. ताई आठवून सांगतात, मी खूण करते. आज अकराव्या कार्डाला थांबल्या. आठवेना.
म्हटलं, सावकाश करू, एप्रिलपर्यंत.
"महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. तुला डेडलाइन मी शिकवू?"
चिडल्या. त्या कधी चिडत नाहीत. मध्येच दोनदा भिंतीला टेकून बसल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पाचशे राहिली. नाही होणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार
नाहीच होणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मामा एक पलंग टेम्पोत चढवत होते. कुणाकडे, विचारलं तर त्यांनी आत बोट दाखवलं. आत ताईंनी नवं कार्ड पुढे केलं. नाव त्यांचंच, पत्ता त्यांचाच. परतीची तारीख कोरी.
"हे संगणकात नको. कार्डच ठेव. कोपरा तू दुमड."