अक्षरांची नक्कल

सोमवार, ४ मार्च
मिळाली एकदाची नोकरी! छापखाना लहान, पण खिडक्या मोठ्या. मालकांना सगळे दादा म्हणतात. माझा हाताने लिहिलेला अर्ज पाहूनच म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे, आजपासूनच बसा. काम संगणकावर, मग हस्ताक्षर कशाला बघायचं? पण भरल्या ताटावरून उठा कशाला! ताई तर फोनवर आनंदाने रडलीच.

गुरुवार, ७ मार्च
संगणकाचं यंत्र कासवासारखं चालायचं. कारण सापडलं. फॉन्टची कॅशे, म्हणजे अक्षरांच्या तयार आकारांची नक्कल, सगळ्यांच्या सामायिक डिस्कवर ठेवली होती. ती ज्याच्या त्याच्या खात्यात, त्याच संगणकावर हवी. पुसली तरी बिघडत नाही. मूळ फॉन्ट वाचून यंत्र ती नव्याने बनवतं. मी ती माझ्या खात्यात हलवली. काम सुसाट! दादांना हे सांगितलं तेव्हा रागावतील वाटलं होतं. उलट हसले. म्हणाले, आपणहून केलंत, बरं झालं.

मंगळवार, १२ मार्च
छापखान्याचा तो प्रसिद्ध वळणदार फॉन्ट दादांच्या नावावर आहे. त्याची मूळ फाइल कुठेच नाही. नुसती नक्कल. प्रूफं तपासणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी आधी दार लोटलं. अक्षरं दादांच्या धाकट्या भावाची, म्हणाल्या. दादांनी त्याच्या तोंडाला पानं पुसली, तेव्हा त्याने संतापून मूळ फाइली पुसल्या. नक्कल राहिली. त्यानंतर त्याचा हात चालेना; साधी सहीसुद्धा उमटेना. दादा जगाला सांगत, आळशी झालाय. शेवटी तो नदीत सापडला. तेव्हापासून छपाई फिकी पडत चालली होती. तुम्ही आलात आणि पुन्हा ठसठशीत झाली, एवढं बोलून बाई कामाला लागल्या.

गुरुवार, १४ मार्च
नक्कल पुसली. क्षणात पुन्हा तयार. मूळ फाइल नाही, मग यंत्र वाचतंय कुठून? एक पान छापून पाहिलं. 'श'ची ती गाठ माझी. 'र'चा तिरपा पाय माझा.
दुपारपासून वर्णमालेतलं 'ह'च्या पुढचं अक्षर लिहिता येत नाही. पेन फिरतं. कागद कोरा.

शुक्रवार, १५ मार्च
सका—ीच दादांना जाब विचारला. चहा ढव—त म्हणाले, सवय होईल. भाऊ उगाच आकांडतांडव करायचा, तुम्ही समजूतदार आहात. मी नोकरी सोडतो म्हणालो. खुशाल सोडा म्हणाले. नक्कल थोडीच सोडणार आहे?

रविवार, १७ मार्च
घरी आहे. तरी आणखी एक गेलं. ताईने विचारलं, जेवलास का? पोट —रलं म्हणून सांगितलं. खोटं. तिथे ते छापतायत — प्रत्येक पानासरशी बोटं थंड —

मंग—वार, १९ मार्च
यंत्र फोडलं. हातोडीने. चक्काचूर. दादा दारात उ—े. हसत होते. म्हणाले, उशीर केलात. काल फॉन्ट विकला — शेकडो कचेऱ्यांनी घेतला — आता नक्कल ज्याच्या त्याच्या खात्यात, तुम्हीच म्हणाला होतात ना —
कुठकुठली पुसू — ताई, मा— हा—